पुराणिक मास्तर चिक्कू नव्हते

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी लोणावळ्यात मेळावा भरवला. मला व्यासपीठावर बसवलं, कारण त्या काळच्या शिक्षकांपैकी दुसऱ्याचा हात न धरता पायऱ्या चढू शकणारा मी एकटाच उरलो आहे. भाषणं झाली. एका विद्यार्थ्याने, म्हणजे पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने, पुराणिक मास्तरांची आठवण सांगितली. मास्तरांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, गुडघे धरले होते, त्यांना कोकणातल्या ऊन पाण्याच्या कुंडावर न्या असं सगळं गाव सांगत होतं, आणि मास्तर म्हणाले, "चुलीवरचं पाणीही ऊनच असतं." मंडपात हशा पिकला. मीही हसलो.

ही गोष्ट लोणावळ्यात कित्येक वर्षं सांगितली जाते आणि ती रंगवून सांगणाऱ्यांत मी पुढे होतो. पण मास्तर काकूंना कुंडावर घेऊन गेले नाहीत ते माझ्यामुळे. ज्यांना हे आधी सांगायला हवं होतं ते दोघेही आता नाहीत. म्हणून आता लिहिण्याचं धैर्य होतंय, आणि त्यात काही मोठेपणा नाही हे मला कळतं.

मी शाळेत उमेदवार शिक्षक म्हणून लागलो ते एकोणीसशे तीसनंतरच्या एका जूनमध्ये. पुराणिक मास्तर हेडमास्तर होते. उंच, थोडे वाकलेले, बंद गळ्याचा कोट, आणि बाराही महिने काखेत छत्री. लोणावळ्यात सात महिने तरी छत्रीचं कुणाला नवल वाटत नसे. उरलेल्या पाच महिन्यांत कुणी विचारलं तर म्हणत, "ती घरी ठेवली की कुठे ठेवली ते आठवावं लागतं. काखेत असली की आठवावं लागत नाही."

त्यांचा एक शब्द होता: फिटलं. पैसे फिटले म्हणतात त्यातला. माणूस पुण्याहून येवो, मुंबईहून नाटक बघून येवो, की मुलीला स्थळ बघून येवो, मास्तर त्याला रस्त्यात उभं करून विचारत, "गेलात, आलात. फिटलं का?" आणि उत्तर नीट ऐकत. माणूस गुळमुळीत बोलला की, "म्हणजे नाही फिटलं," असा निकाल देऊन छत्री दुसऱ्या काखेत घेत.

मे महिन्यात मुंबईची मंडळी खंडाळ्या-लोणावळ्याला हवा खायला येत. एकदा संध्याकाळी भुशीच्या रस्त्यावर असेच एक शेटजी काठी फिरवत चालले होते. मास्तरांनी त्यांना नमस्कार केला.

"हवा खायला आलात?"

"हो. डॉक्टरांनी सांगितलं. फार छान हवा आहे तुमच्याकडे."

"फिटलं का?"

शेटजींना कळेना. मास्तरांनी समजावून सांगितलं, "बंगल्याचं भाडं, नोकरचाकर, येणं-जाणं. एवढं करून जी खाल्लीत, ती पोटाला लागली का?"

"भूक चांगली लागते," शेटजी म्हणाले.

"भूक आमच्याकडे सगळ्यांनाच चांगली लागते," मास्तर म्हणाले. "त्यासाठी कुणी भाडं भरत नाही." शेटजी मनापासून हसले, आणि पुढे दरवर्षी येऊन मास्तरांना चहाला बोलावत राहिले. चहा फिटला, असं मास्तरांचं मत होतं.

यावरून लोक त्यांना चिक्कू म्हणत. वरवर पाहणाऱ्याला तसंच वाटावं. खडूचा तुकडा तांदळाएवढा होईपर्यंत ते चिमटीत धरून लिहीत. पण वस्तू आवडली की त्यांचा तोल जाई. खंडाळ्याहून बदलून चाललेल्या एका इंजिन-ड्रायव्हरच्या सामानातून त्यांनी भिंतीवरचं घड्याळ घेतलं. घरी आणून टांगलं तर ते बंद. आडवं ठेवलं की चालू. मग ते कायमचं टेबलावर उताणं पडलेलं असे, आजारी माणसासारखं. वेळ बघायची तर त्यावर वाकावं लागे. त्यावरून कुणी टोकलं तर म्हणत, "मग वाका की थोडं."

शाळेची सहल एकदा बेडशाच्या लेण्यांना नेली. चढण चढून मुलं दमली होती. लेण्याच्या तोंडाशी गावचे एक आबा गुरं घेऊन बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, हा दगुड बघाया एवढ्या लांबनं आलासा?"

"तुम्ही कधी आत जाऊन पाहिलंत का, आबा?"

"न्हाई बा. आमी काय करायचं आत? गुरं जात्यात."

"गुरांना फिटतं का?"

आबांनी प्रश्नाचा नीट विचार केला. "त्यास्नी सावली गावती. माशी बी लय न्हाई हितं."

"मग फिटलं," मास्तर म्हणाले आणि आत गेले. आत त्या उंच खांबांवर घोड्या-हत्तींवर बसलेली माणसं कोरली आहेत. मास्तर मान वर करून बघत राहिले. आम्ही मुलांना डबे खायला घातले, पाणी पाजलं, दोन भांडणं सोडवली, तरी मास्तर तिथेच. परतताना मी धिटाईने विचारलं, "मास्तर, फिटलं का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काळे, ज्याला काही लागलंच नाही त्याला हा प्रश्न विचारत नाहीत." थोडं पुढे जाऊन म्हणाले, "मान मात्र दुखतेय."

काकू घाटाखालच्या. पालीच्या पलीकडे अंबा नदीच्या काठी त्यांचं माहेर. आईवडील गेले होते. एक भाऊ होता, पण भावाची बोलावणी थांबली होती, आणि बोलावल्याशिवाय माहेरी जायची तेव्हा रीत नव्हती. ठेंगण्या, गोऱ्या, बोलताना सानुनासिक. लोणावळ्यात पंचवीस वर्षं काढूनही त्यांनी कोकणातले शब्द सोडले नव्हते. त्यांचे गुडघे धरले तेव्हा त्या म्हणू लागल्या, "आमच्याकडे उन्हाळं आहे. तिथे चार दिवस बसलं की वात पळतो."

उन्हाळं म्हणजे ऊन पाण्याचा झरा. पालीजवळच्या उन्हेऱ्याची कुंडं त्या बाजूला सगळ्यांना ठाऊक. पण इकडे देशावर उन्हाळा म्हणजे चैत्र-वैशाख. हा शब्द ऐकला की मास्तरांना चेव येई.

"उन्हाळा इथेही येतो. दरवर्षी, न बोलावता."

"उन्हाळा नव्हे हो, उन्हाळं."

"मे महिन्यात अंगणात बस. वर ऊन, खाली धोंडा. गाडीभाडं नाही."

"बसते. तुम्ही या मांडीला मांडी लावून."

शेजारपाजारचे ऐकत आणि हसत. पण काकू उठताना जमिनीला हात टेकू लागल्या, मग भिंत धरू लागल्या. मास्तरांचं बोलणं तेच राहिलं, फक्त ते बोलताना ते त्यांच्याकडे बघेनासे झाले.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मास्तरांनी मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. दार लोटलं. माझं लग्न वर्षभरापूर्वी झालं होतं, सासुरवाडी खोपोलीची, आणि बायको पहिल्या दिवाळसणासाठी आधीच तिकडे गेली होती. हे त्यांना माहीत होतं.

"खोपोलीला जाताच आहात. तिथून पालीला मोटर जाते. एक दिवस काढा आणि ते कुंड बघून या. ऐकीव नको, डोळ्यांनी. पायऱ्या किती, कठडा आहे का, बायकांना आडोसा आहे का, उतरायला सोय कशी. गुडघ्यांच्या माणसाला झेपेल असं वाटलं, तर नाताळात हिला नेतो."

त्यांनी टेबलाचा खण उघडून दाखवला. आत शिंप्याकडून शिवून आणलेल्या जाड कापडाच्या दोन पिशव्या होत्या, ओले कपडे ठेवायला.

"हिला बोलू नका," ते म्हणाले. "उगाच आशा लागते. आणि गावालाही नको. इतकी वर्षं बोललोय, ते आता मलाच गिळावं लागणार. जरा सावकाश गिळतो."

मी खोपोलीला गेलो. जावयाचा पहिला दिवाळसण म्हणजे काय असतं ते ज्याने भोगलं त्याला माहीत. पहिल्या दिवशी अभ्यंगस्नान, दुसऱ्या दिवशी चुलत सासऱ्यांकडे जेवण, तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं. चौथ्या दिवशी पालीला निघायचं म्हणून आंघोळ करून तयार झालो, तर बायको म्हणाली, "आज भाऊबीज. मी तुमची वाट बघत दिवसभर बसू?" तिचा चेहरा पाहून मी कोट काढून ठेवला. खरं तर ती काही एवढी हट्टाला पेटली नव्हती. मलाच निमित्त हवं होतं.

पाचव्या दिवशी परतायचं. सकाळी दाढी करायला बाजारात गेलो. न्हाव्याकडे वीजघरात काम करणारा एक माणूस बसला होता. माझ्या मनाला टोचणी होती, म्हणून मी त्याला विचारलं, "आमचे मास्तर बायकोला घेऊन उन्हाळ्यात यायचं म्हणतात. कसं काय असतं?"

"उनाळ्यात?" तो म्हणाला. "आजाबात आनू नगा. पानी न्हाई. पार तळाला जातंय. चिलटं लय. बाईमानसाचं तर लय हाल व्हत्यात बघा."

"एवढं वाईट?"

"म्या सोता बघतोय की दरसाली. कुटं जायचं त्ये पावसाळ्यानंतर जावा म्हनावं."

प्रत्यक्ष पाहणाराच भेटला, म्हणून मला बरं वाटलं. मी दाढी करून परतलो.

शाळेत मास्तरांनी पुन्हा दार लोटलं. मी सांगितलं: पाणी आटलंय, तळाला घोटाभर आहे, चिलटं फार, बायकांचे हाल होतात. पायऱ्या आणि कठडा माझ्या पदरचे घातले. शेवाळ आहे आणि कठडा नाही म्हणालो.

मास्तर विचारात पडले. "पावसाळा तर आत्ताच संपला."

पुढे तेच म्हणाले, "पण पाऊस पडतो वरून आणि हे पाणी येतं खालून. शक्य आहे." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही स्वतः उभे राहून पाहिलंत ना?"

"हो," मी म्हणालो.

माहिती खरी आहे असं मला वाटत होतं. खोटा होता तो हा एक शब्द. पण मास्तरांनी विश्वास ठेवला तो ह्याच शब्दावर. त्यांनी खण उघडला, पिशव्यांची घडी मोडून पुन्हा घातली, आणि म्हणाले, "नाही फिटत."

नंतर त्यांनी काकूंना सांगून टाकलं, की उन्हेऱ्याचं पाणी आटलंय, काळे पाहून आले. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गावाला मात्र त्यांनी काहीच सांगितलं नाही. लोक टोचत, "मास्तर, काकूंना कुंडावर कधी नेताय?" तेव्हा "काळ्यांनी पाहिलंय, पाणी नाही," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग मी बघायला का गेलो होतो, तेही सांगावं लागलं असतं. ते एवढंच म्हणत, "चुलीवरचं पाणीही ऊनच असतं." लोक हसत. चिक्कू हे नाव पक्कं झालं ते तेव्हापासून. त्या हसण्यात मी असे, आणि मास्तरांच्या आवाजाची नक्कल मला चांगली जमे.

लोक वाक्य सांगतात, पुढचं सांगत नाहीत. त्या नाताळापासून मास्तर पहाटे उठून स्वतः बंब पेटवू लागले. विहिरीचं पाणी स्वतः ओढत. वळवणच्या बाजूला फिरायला जाऊन निर्गुडीचा पाला आणत, तो उकळून घंगाळात ओतत आणि काकूंना त्यात पाय सोडून बसवत. हेडमास्तर बायकोसाठी पाणी काढतो ही त्या काळी सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून विहिरीवर कुणी भेटलं तर म्हणत, "व्यायाम. पाठीला बरा."

एकदा त्यांनी कुठेतरी वाचलं की ऊन पाण्याच्या झऱ्यांत गंधक असतं. बाजारातून पुडी आणली आणि बंबातच टाकली. सकाळी सगळी आळी नाक धरून बाहेर आली. कुणाच्या घरी काय नासलंय याचा शोध सुरू झाला. मास्तरही त्या शोधात सामील झाले, दोन घरांत डोकावले, आणि शेवटी काकूंनी ओसरीवरून सांगितलं, "आमच्याकडे उन्हाळं आलंय." त्यानंतर मास्तर बंब चिंच-राखेने तीन दिवस घासत होते.

असं पाच-सहा वर्षं चाललं. मी कायम झालो, मला मुलं झाली. एक दिवस मास्तर परीक्षेच्या कामाला वडगावला गेले होते आणि मी काही कागद द्यायला त्यांच्या घरी गेलो. काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. चहा दिला आणि सहज म्हणाल्या, "काळे, एक विचारू? तुम्ही उन्हेऱ्याला गेला नव्हतात ना?"

मी कप बशीत ठेवला.

"मी तिथे लहानपणापासून न्हायलेय," त्या म्हणाल्या. "एका कुंडात तर पाय ठेववत नाही इतकं कढत. ते कधी आटत नाही. आणि तुम्ही दिवाळीत आटवलंत. कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी सगळं सांगितलं. न्हावी, तो माणूस, त्याचं बोलणं. काकूंनी विचारलं, "बोलत कसा होता तो? हितं, तितं?"

"हो. आपल्या मावळातलाच असावा."

"आणि तुम्ही विचारलंत, उन्हाळ्यात यायचं म्हणतात, कसं असतं."

"हो."

काकूंनी सूप खाली ठेवलं. मग त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं. "अहो, देशावरच्या माणसाला उन्हाळं विचारलंत होय. त्याने बिचाऱ्याने वैशाखाचं सांगितलं तुम्हाला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पण काकूंसारखं हसता येईना.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, तर बोलला का नाहीत?"

"तुम्ही नवे होतात. यांचा तुमच्यावर भरवसा. खोटं सांगणाऱ्या माणसाला यांनी शाळेत ठेवलं नसतं, आणि तुमची बायको तेव्हा दोन जिवांची होती." त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. "आणि मग हे बंब पेटवायला लागले. म्हटलं, आता बोललं तर तेही बंद होईल. ते पाणी काही कुंडाच्या पाण्याहून वाईट नव्हतं, काळे. गुडघे तर तिथेही एवढेच राहिले असते."

मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण जाताना आमचं गाव लागतं हो. नदी ओलांडली की दिसतं. कुंडावर चालले होते, वाटेत डोकावले, एवढं म्हणता आलं असतं. भाऊ तेव्हा होता."

भाऊ त्या दिवाळीनंतरच्या पावसाळ्यात गेल्याची बातमी मीच त्यांच्याकडे आणून दिली होती, खोपोलीहून. ते तेव्हा आठवलं.

"मी मास्तरांना सांगतो," मी म्हणालो.

"नको," काकू म्हणाल्या. "त्यांनी ते सगळं केलं, ते पाणी आटलंय असं समजून. आता आटलं नव्हतं म्हणून सांगितलंत, तर ते माझ्या तोंडाकडे कसं बघतील?"

मी सांगितलं नाही. काकूंनी अडवलं म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. मास्तर निवृत्त झाले तेव्हाच्या समारंभात मी भाषण केलं आणि चुलीवरच्या पाण्याची गोष्ट सांगितली, नकलेसकट. मास्तर खुर्चीत बसून हसत होते. काकू बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या रुमालाकडे.

काकू गेल्या त्या दुसरी लढाई संपता संपता. मास्तर मुलाकडे मिरजेला जायला निघाले. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले. छत्री दाराशी टेकवली, चपला काढल्या, पाणी प्यायले. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "काळे, एक राहिलंय. घर आवरताना त्या पिशव्या सापडल्या. तुम्हाला आठवत असतील."

"आठवतात."

"तेव्हापासून पाणी परत आलं असेल का हो? मधे कधीतरी पुन्हा बघायला हवं होतं. मी एकदाच विचारलं आणि सोडून दिलं." ते अंगणाकडे बघत होते. "तेव्हा तर नव्हतंच ना?"

मला त्यांना खरं सांगायचं होतं. शपथेवर सांगतो, मी तोंड उघडलं होतं. बाई गेलेली, माहेर गेलेलं, आणि हा माणूस त्या पाण्याचा दाखला मागायला माझ्याच दारात बसलेला.

"नव्हतं, मास्तर," मी म्हणालो. "आणि नंतरही आलं नाही. माझं जाणं होतं तिकडे."

"हं." त्यांचे खांदे जरा खाली आले. "मग ठीक. तुमच्यामुळे निदान तेवढं तरी कळलं."

ते उठले. ओसरीवर माझ्या आणि त्यांच्या चपला शेजारी होत्या. त्यांनी बोलता बोलता पाय सरकवले, आणि एक माझी, एक त्यांची घालून पायऱ्या उतरले. माझी अंगठ्याची, त्यांची पट्ट्याची. मी पाहिलं, पण हाक मारली नाही. खिडकीतून बघत राहिलो. ते छत्री काखेत धरून वळणापर्यंत गेले, तिथे थांबले, खाली पाहिलं. मग एका पायावर उभं राहून माझी चप्पल काढली, ती दूर धरून बघितली, रस्त्यात कुणी आहे का ते पाहिलं, आणि परत माझ्या घराकडे यायला लागले.

मी दार उघडायला बायकोला पाठवलं.